‘होऊन जाईल’ म्हणजे नेमकं कधी? (घरून काम आणि लांबचा क्लायंट)

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षं मी नाशिकमध्ये घरीच बसून परदेशातल्या छोट्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअरचं काम करतो. गेल्या महिन्यात चार वर्षांचा जुना क्लायंट सुटला. माणूस अमेरिकेतल्या ओहायोचा. भांडण नाही, पैशांचा वाद नाही. शेवटच्या मेलमध्ये त्याने लिहिलं होतं की तुमच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही, पण काय चाललंय ते मला कधीच कळत नाही. ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

झालं असं. मंगळवारच्या कॉलवर त्याने विचारलं, बिलिंगचा नवा रिपोर्ट शुक्रवारपर्यंत मिळेल का? मी म्हणालो, ‘येस येस, इट विल बी डन’. माझ्या मनात ते आपलं नेहमीचं ‘हो हो, होऊन जाईल’ होतं. म्हणजे काम अवघड नाही, काळजी करू नका, एक-दोन दिवस इकडे तिकडे. त्याने ते ‘शुक्रवारी हातात’ असं ऐकलं आणि स्वतःच्या मालकाला सांगून मोकळा झाला.

बुधवारी डेटा उघडला तर जुन्या नोंदींमध्ये तारखा दोन पद्धतींनी भरलेल्या. अमेरिकेत महिना आधी लिहितात आणि मग दिवस. त्यांच्या एका जुन्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या नोंदींत मात्र दिवस आधी होता. त्यामुळे ०३/०४ म्हणजे ४ मार्च की ३ एप्रिल, हे नुसतं बघून कळायला मार्ग नाही. मूळ बिलं काढून एकेक नोंद जुळवत बसलो. दोन दिवस त्याला एक अक्षर कळवलं नाही. का, तर अर्धवट काय सांगायचं, झालं की एकदम सांगू. शुक्रवारी आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते, त्याच्याकडे दुपारचे दोन. त्याचा मेसेज आला, कुठपर्यंत आलं? मी लिहिलं, ‘ऑलमोस्ट डन’. रिपोर्ट गेला सोमवारी. आकडे पै-पैशाला जुळत होते, पण ज्या मीटिंगसाठी हवा होता ती शुक्रवारीच होऊन गेली होती.

मी खूप विचार केला यावर. ‘होऊन जाईल’ हे आपल्याकडे खोटं बोलणं नसतं. सुतार म्हणतो, मामा म्हणतो, आपणही म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळतं की त्यात किती पाणी आहे. ‘बघतो’ म्हटलं की बहुतेक वेळा नाही, ‘बघतो ना’ म्हटलं की जरा आशा आहे. हे कळतं, कारण समोरच्याला आपला चेहरा दिसतो, आवाज कळतो, आपलं घर ठाऊक असतं. ओहायोतल्या माणसाकडे यातलं काहीच नाही. त्याच्याकडे फक्त माझं वाक्य आहे.

बुधवारी दुपारी काय पाठवायला हवं होतं ते मी आता लिहून काढलंय. इंग्रजीतच लिहिलं आहे, इथे मराठीत देतो:

“बिलिंग रिपोर्ट शुक्रवारी पूर्ण मिळणार नाही. जुन्या नोंदींत तारखा दोन पद्धतींनी आहेत, त्यामुळे काही बिलं चुकीच्या महिन्यात पडतायत. मी ती मूळ बिलांवरून तपासतोय. पूर्ण रिपोर्ट सोमवारी तुमच्या सकाळी ९ वाजेपर्यंत देतो. शुक्रवारच्या मीटिंगला आकडे लागणार असतील तर यंदाच्या जानेवारीपासूनचे पक्के आहेत, ते उद्या देऊ शकतो. देऊ का?”

एवढंच. दहा मिनिटांचं काम होतं. यात वाईट बातमी पहिल्याच वाक्यात आहे, नवी वेळ त्याच्या घड्याळाने आहे, आणि शेवटी त्याला निवड करता येईल असा एक प्रश्न आहे. हे पाठवलं असतं तर तो क्लायंट आज माझ्याकडे असता, असं मला मनापासून वाटतं.

तुमचे अनुभव लिहा. आयटीवाल्यांनीच असं नाही, लांबच्या माणसाशी कामाचं बोलणारे सगळे.

---

कॉलेजरोडची

फार चांगला विषय. मी कंपन्यांच्या वेबसाइटचा मजकूर लिहिते, क्लायंट लंडन आणि सिडनीचे.

तुमचं ‘इट विल बी डन’ तसे माझे दोन शब्द. पहिला ‘डाउट’. आपण शाळेपासून म्हणतो, सर, एक डाउट आहे. म्हणजे शंका, प्रश्न. मी लंडनच्या बाईंना लिहिलं की तुमच्या मजकुराबद्दल मला काही डाउट्स आहेत. त्यांना वाटलं माझा त्यांच्या माहितीवर विश्वासच नाही. त्या दुखावल्या होत्या, आणि हे मला तीन आठवड्यांनी कळलं. आता मी सरळ ‘क्वेश्चन’ लिहिते.

दुसरा ‘रिव्हर्ट’. आपल्या ऑफिसातल्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘उत्तर देते’. बाहेर त्याचा अर्थ ‘होतं तसं परत करणं’. मी सिडनीच्या टीमला लिहिलं, नव्या पानाबद्दल संध्याकाळपर्यंत रिव्हर्ट करते. तिथल्या डेव्हलपरचा घाबरून फोन, नवं पान काढून जुनं का लावताय?

आपली इंग्रजी वाईट नाही. ती आपल्यात बोलायला तयार झालेली इंग्रजी आहे, आणि आपल्यात ती चोख चालते. बाहेर बोलताना तेवढे चार-पाच शब्द बाजूला ठेवायचे.

---

अंबड लिंकरोड

आमचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे, अंबडला. गिऱ्हाईक जर्मनीतलं, सगळा व्यवहार मेल आणि ड्रॉइंगवर. माझ्या मते शब्दांपेक्षा आकड्यांत जास्त गफलत होते.

जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम देतात आणि हजाराला टिंब. आपण साडेबारा १२.५ लिहितो, ते १२,५ लिहितात. एवढं कळतं, मापात चुकायला होत नाही. पण टिंबानंतर तीन आकडे आले की फसतो माणूस. एकदा त्यांनी वाहतुकीचा खर्च विचारला, वजन लिहिलं १.२५० किलो. म्हणजे साडेबाराशे किलो. आमच्या नव्या मुलाला वाटलं सव्वा किलोचं सँपल आहे. त्याने कुरियरचा दर काढून पाठवला. गिऱ्हाईक दोन दिवस गप्प. नंतर फोनवर त्यांनी विचारलं की तुम्हाला हे काम खरंच करायचंय का? ते ऐकून वाईट वाटलं, कारण मुलाने मन लावूनच काम केलं होतं. आता आम्ही प्रत्येक आकड्याला शब्द जोडतो: “१२५० किलो, म्हणजे सव्वा टन, बरोबर ना?”

ड्रॉइंगचंही तसंच. वस्तूच्या वेगवेगळ्या बाजू कागदावर कुठे काढायच्या याच्या दोन पद्धती आहेत. आपण आणि युरोप फर्स्ट अँगल प्रोजेक्शन वापरतो, अमेरिका थर्ड अँगल. वरून दिसणारा भाग कागदावर खाली काढायचा की वर, इथपासून फरक. कोपऱ्यात कुठली पद्धत ते सांगणारी कापलेल्या शंकूची खूण असते, ती न बघता काम लावलं तर भोक उलट्या बाजूला पडतं. जॉब मापात बरोबर आणि तरी भंगारात. म्हणून मशीनवर चढवण्याआधी आम्ही कच्च्या तुकड्याचा फोटो काढतो, भोक कुठल्या बाजूला येणार तिथे खडूने फुली मारतो आणि पाठवतो. भाषा लागत नाही. तिकडून ‘ओके’ आलं की मशीन चालू.

इंदिरानगरकर, तुमचं ‘अर्धवट काय सांगायचं’ अगदी ओळखीचं आहे. माझे वडीलही असेच होते. काम बोललं पाहिजे, माणसाने बोलायची गरज नाही, असं म्हणायचे. पण त्यांचं गिऱ्हाईक सातपूरला होतं, वर्कशॉपात येऊन बघून जायचं.

---

नाशिकरोड

मी परदेशी फर्मसाठी हिशेब लिहितो. अंबडवाल्यांना दुजोरा. आपण दीड लाख १,५०,००० असं लिहितो, त्यांच्याकडे १५०,०००. इन्व्हॉइसवर आपला स्वल्पविराम बघून एकाने विचारलं की एक आकडा राहिलाय का. एक्सेलची मांडणी बदलून ठेवली, विषय संपला.

घड्याळाचं मात्र दरवर्षी सांगावं लागतं म्हणून लिहितो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटनमध्ये मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. आपण कधीच बदलत नाही. म्हणजे न्यूयॉर्कची सकाळी ९ ची मीटिंग हिवाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेसातला आणि उन्हाळ्यात साडेसहाला. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे अमेरिका बदललेली असते आणि ब्रिटन नाही. तिन्हीकडची माणसं एका कॉलवर असली की हमखास कुणीतरी तासभर वाट बघत बसतं. कॅलेंडरचं आमंत्रण क्लायंटच्या शहराच्या वेळेत टाका, म्हणजे ते आपोआप सरकतं.

आणि ‘उद्या सकाळी’ लिहू नका. कोणाची सकाळ?

---

सटाण्याची

मी नवीन आहे. डिप्लोमा झाला, आता नाशिकमध्ये खोली घेऊन ग्राफिक डिझाइनची कामं घेते. पहिला परदेशी क्लायंट मिळालाय, कॅनडाचा. लिहिणं जमतं पण कॉल आला की घसा कोरडा पडतो. ते भराभर बोलतात, अर्धं निसटतं, आणि परत विचारायची लाज वाटते, म्हणून ‘येस, ओके’ म्हणत राहते. कॉल संपला की काय ठरलं तेच आठवत नाही. सगळं मेलवरच करा असं सांगितलं तर चालेल का?

---

कॉलेजरोडची

@सटाण्याची, अगं, सगळं मेलवर म्हणालीस तर काहींना चालेल, काहींना नाही. पण एक गोष्ट तू आजपासून करू शकतेस. त्या ‘येस, ओके’च्या जागी एक वाक्य पाठ कर: “मला समजलं ते मी एकदा सांगते, बरोबर आहे का बघा.” आणि तुझ्या शब्दांत, तुझ्या वेगाने सांग. यात कमीपणा नाही. उलट समोरच्याला वाटतं, ही मुलगी नीट ऐकतेय. मी पंधरा वर्षं हे काम करते आणि अजून प्रत्येक कॉलवर हे म्हणते.

आपल्या ‘येस’ची एक गंमत लक्षात घे. आपण फोनवर ‘हं, हो, हो’ करतो ते ‘ऐकतेय, बोला’ या अर्थाने. त्यांना ते ‘मान्य’ असं ऐकू येतं. कॉलमध्ये तू दहा वेळा येस म्हणालीस की त्यांच्या वहीत दहा गोष्टी मान्य झालेल्या असतात.

मग कॉल संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत एक छोटी मेल: काय ठरलं, मी काय करणार, तुम्ही मला काय देणार, कधी. आठवत असतानाच लिही. आणि शेवटी, “यात काही चुकलं असेल तर सांगा, मी उद्या दुपारी (तुमच्या वेळेने अमुक वाजता) काम सुरू करते.”

---

निफाडची बाग

धागा वाचतेय कालपासून. मी आयटीतली नाही. आमची द्राक्षं युरोपला जातात, घरच्या पॅकहाउसचा पत्रव्यवहार मी बघते. आमचा क्लायंट म्हणजे खरेदीदार. आम्ही त्याला एकदाही प्रत्यक्ष भेटलेलो नाही, आणि एका कंटेनरमध्ये वर्षाची मेहनत असते.

२०१० मध्ये मी शाळेत होते, पण घरातलं वातावरण आठवतं. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि माल अडकला. वेलीची वाढ आवरायला ते औषध कितीतरी बागांत वापरलं जायचं. इथे तपासायच्या रसायनांच्या यादीत ते तेव्हा नव्हतंच. कुणी लपवलं असं नव्हे, कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. त्याचे पैसे भरले बागायतदारांनी. तेव्हापासून वडिलांचा नियम आहे: खरेदीदाराने न विचारलेलंही सांगायचं. कुठली फवारणी, कुठल्या तारखेला, पावसाने काय झालं. सीझन सुरू व्हायच्या आधी आम्ही त्यांची मागणी परत आमच्या शब्दांत लिहून पाठवतो: मण्याचा आकार इतका, साखर इतकी, पनेट (द्राक्षांची छोटी डबी) पाचशे ग्रॅमचं, त्यांच्याकडच्या अंशांच्या मर्यादा या. त्यावर त्यांचं उत्तर आल्याशिवाय काढणी नाही.

पण मला सांगायचंय ते २०२४ च्या सीझनबद्दल. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले होते, त्यामुळे जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. रॉटरडॅमला पोचायला दहा-पंधरा दिवस जास्त. द्राक्ष हा काही लोखंडाचा माल नाही. देठ वाळतात, मणी गळतात. माझा हात कीबोर्डवर थांबला होता. वाटत होतं, आत्ताच उशीर होणार म्हणून कळवलं तर ऑर्डर दुसऱ्या देशाला जाईल. थांबू, जहाज कंपनी काय म्हणते ते बघू.

वडील म्हणाले, “त्यांना बातम्या दिसत नाहीत असं वाटतं का तुला? त्यांना जहाज कुठे आहे ते माहितीये. आपण कुठे आहोत ते माहीत नाही.”

त्याच दिवशी लिहिलं. जहाजाचा नवा अंदाज, त्यात चार दिवस पुढे-मागे होतील हेही, प्रीकूलिंग (भरण्याआधी माल थंड करणं) किती तास केलं, कंटेनरचं तापमान काय लावलं, आणि पुढच्या मालासाठी आम्ही जाड देठाचे, कडक मण्यांचेच घड निवडतोय. मग दर सोमवारी एक मेल. तीन आठवडे त्यात नवीन काहीच नव्हतं, जहाज समुद्रात होतं, तरी पाठवली. ‘या आठवड्यात बदल नाही, पुढची मेल सोमवारी.’ खरेदीदाराने त्या अंदाजावर दुकानांचं नियोजन पुढे ढकललं. माल पोचला तेव्हा काही पेट्या खराब निघाल्या, त्यांचे पैसे कापले गेले, ते योग्यच होतं. पण पुढच्या वर्षीची बोलणी त्यांनी आपणहून ऑक्टोबरातच सुरू केली.

इंदिरानगरकर दादा, काम झाल्याशिवाय काय सांगायचं, असं तुम्ही म्हणालात ना, त्या तीन रिकाम्या मेल मला सीझनमधल्या सगळ्यात कामाच्या वाटतात.

---

मुंबईनाका

सगळं पटलं, पण दुसरी बाजू मांडतो. कळवत राहा, कळवत राहा म्हणता म्हणता माणूस चोवीस तास हजर राहायला लागतो. मी दोन वर्षं रात्री दोनला व्हॉट्सअॅपवर उत्तरं दिली. क्लायंट खूश, आणि माझी शुगर वाढली. बायको म्हणायची, तुम्ही घरी आहात पण घरात नाही.

स्पष्ट बोलण्यात ‘मी कधी उपलब्ध नाही’ हेही येतं. मी आता सुरुवातीच्याच मेलमध्ये लिहितो: माझे तास तुमच्या सकाळी ८ ते ११, उत्तर एका कामाच्या दिवसात, सर्व्हर बंद पडला तरच फोन. कुणीही नाराज झालं नाही. उलट एक जण म्हणाला, बरं झालं सांगितलंत, तुम्ही कधी झोपता हेच आम्हाला कळत नव्हतं.

सुट्ट्याही महिनाभर आधी कळवा. दिवाळी म्हणजे एक दिवस, असं त्यांना वाटतं. आणि २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. पंचवटी, रामकुंडाकडचे जे कुणी घरून काम करतात त्यांनी २०१५ आठवून बघावं, पर्वणीला रस्ते कसे बंद असतात ते. नेट आणि लाईटचं काय होईल ते तेव्हाचं तेव्हा, पण ‘या तारखांना माझ्याकडून काम कमी होईल’ हे आधी सांगायला काही अडचण नाही.

---

इंदिरानगरकर

@मुंबईनाका, हे माझ्याकडून सुटलंच होतं, बरं झालं लिहिलंत. माझंही रात्री साडेअकराला जागं असणं क्लायंटला कुठे माहीत होतं?

लाईटवरून आठवलं. जूनच्या पहिल्या पावसात आमच्याकडे तीन तास लाईट गेली. पूर्वी मी लिहायचो, ‘सॉरी, पॉवर इश्यू’. त्यावरून क्लायंटला काय कळणार? आता राउटर इन्व्हर्टरवर घेतलाय आणि फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम. यावेळी लिहिलं: लाईट नाही, लॅपटॉप दोन तास चालेल, आजचं काम होईल, फक्त व्हिडिओ कॉलऐवजी साधा फोन करू. त्याचं उत्तर आलं, ठीक. नुसतं ठीक.

@निफाडची बाग, तुमच्या वडिलांचं वाक्य मी वहीत लिहून घेतलंय. आता शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक क्लायंटला चार ओळी पाठवतो: काय झालं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात काय, तुमच्याकडून काय हवंय. काही झालं नसेल तर ‘काही झालं नाही’ असंही. पहिल्या वेळी ते लिहिताना खूप जड गेलं. सोमवारी उत्तर आलं, धन्यवाद, प्राधान्य दुसऱ्या कामाला होतं हे आम्हालाही माहीत होतं.

---

अंबड लिंकरोड

@सटाण्याची, कॉलचं काय झालं? कळव.

---

सटाण्याची

झाला कॉल, काल रात्री. कॉलेजरोडच्या ताईंचं वाक्य कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्क्रीनच्या बाजूला चिकटवलं होतं. दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा आवाज कापला नाही.

नंतर वीस मिनिटांत मेल पाठवली. पाच मुद्दे लिहिले होते: लोगो तीन प्रकारांत, रंग त्यांनी दिलेले, पहिला मसुदा गुरुवारी त्यांच्या संध्याकाळी ५ पर्यंत, दुरुस्त्या दोन वेळा, आणि शेवटच्या फाइल्समध्ये दुकानाचं नाव इंग्रजीत.

सकाळी उठले तर उत्तर आलेलं. चार मुद्दे बरोबर, पाचवा चुकला होता. त्यांचं दुकान माँट्रियलला आहे, पाटीवर फ्रेंच लागतं, नाव दोन्ही भाषांत हवंय. कॉलवर त्यांनी ते सांगितलं होतं म्हणे, मी ‘येस’ पण म्हणाले होते.

मी काल रात्रीच एका भाषेतल्या नावावर स्केच काढायला घेतलं होतं. फ्रेंच नाव लांब आहे, दोन ओळींत जातंय, त्यामुळे गोल लोगो बसत नाही. आता आडवा करून बघते.